पाहुण्याची जागा

फणसाच्या झाडाला कोणी नमस्कार करतांना मीं आजवर पाहिलें नव्हतें. कोंकणांत वड, पिंपळ, उंबर यांना हा मान मिळतो. फणस हा आपला परसांतला, उन्हाळ्यांत गरे देणारा घरचा माणूस. परंतु ब्राझील देशांतील साल्वादोर शहरीं, जून महिन्यांतील एका ओल्या सायंकाळीं, एका कुंपणाच्या आंत पाऊल टाकतांच प्रथम दृष्टीस पडलें तें फणसाचें प्रचंड झाड. बुंध्याला शुभ्र वस्त्र गुंडाळून पुढें गांठ दिलेली होती, मुळाशीं मातीचीं भांडीं मांडलेलीं होतीं, आणि आंत जाणारी प्रत्येक स्त्री त्याच्यासमोर क्षणभर थांबून वांकत होती. माझ्याबरोबरचे स्नेही, पेशानें शाळामास्तर आणि जन्मानें त्याच गांवचे, हलक्या आवाजांत म्हणाले, “ही आपाओका. आज ज्याचा उत्सव आहे त्या ओशोसीची ही आई.”

फणस मूळचा आपल्या सह्याद्रीकडच्या रानांतला. पोर्तुगीज गलबतांनीं तो समुद्रापार नेला. गोव्याहून लिस्बनला परतणारीं जहाजें वाटेंत पुष्कळदां ज्या बंदरांत थांबत, तें हेंच साल्वादोर. त्याच बंदरांत दुसऱ्या बाजूनें, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, माणसें भरलेलीं जहाजें येत. साखळदंडांत आलेल्या त्या माणसांनीं परक्या भूमींत एक परकें झाड पाहिलें आणि त्याला आपल्या देवाची आई मानलें. मी हजारों कोस दूर आलों होतों तो एक अपरिचित धर्म पाहावयास. दारांतच ओळखीचें झाड भेटलें, आणि त्याचें नवें नांव मला ठाऊक नव्हतें.

या धर्माला कांदोंब्ले म्हणतात. त्याच्या स्थानाला, म्हणजे देवघरें, सभागृह, झाडें व आवार मिळून जें होतें त्याला, तेरेइरो. वाचकांस हीं नांवें नवीं असण्याचा संभव आहे, म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतों. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारें ४८ लक्ष आफ्रिकन स्त्रीपुरुष गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरले. वाटेंत मेले त्यांची गणती निराळी. दुसऱ्या कोणत्याहि एका देशांत इतके नेले गेले नाहींत. १८५० च्या कायद्यानें हा व्यापार बंद झाला, आणि १३ मे १८८८ रोजीं गुलामगिरीच रद्द झाली. साल्वादोर ज्या प्रांताची राजधानी आहे त्या बाईयांत अखेरच्या काळांत आलेल्यांमध्यें योरूबा भाषा बोलणारे लोक पुष्कळ होते. त्यांचें ओयो साम्राज्य मोडलें, युद्धें झालीं, आणि युद्धांतले कैदी किनाऱ्यावर विकले गेले.

मायदेशीं एकेका नगराचें एकेक दैवत मुख्य असे. ओयो नगरीचा विजेचा देव शांगो, केतू नगराचा शिकारी ओशोसी, ओशोग्बो येथें ओशुं नदी. बाईयांत हीं सारीं नगरें एकाच बाजारांत येऊन पडलीं, तेव्हां देवांनाही एका छपराखालीं राहणें भाग पडलें. एकाच आवारांत निरनिराळ्या देवांचीं घरें, आणि एका रात्रींत सर्वांची हजेरी, ही रचना ब्राझीलच्या भूमीवर घडली. म्हणून कांदोंब्ले हा केवळ टिकून राहिलेला धर्म आहे असें म्हणणें अपुरें होईल. मोडलेल्या तुकड्यांतून तो पुन्हां बांधलेला आहे, आणि बांधणाऱ्यांत स्त्रियांचा हात मोठा आहे. परंपरा सांगते कीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत साल्वादोरच्या बारोकिन्या भागांत, एका चर्चच्या पाठीशीं, कांहीं योरूबा स्त्रियांनीं स्थान घातलें. तेंच पुढें हलून ‘कासा ब्रांका’, म्हणजे पांढरें घर, या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्यांतून फुटून १८४९ सालीं गांतुआ हें स्थान, आणि १९१० सालीं माई आनिन्या हिनें स्थापिलेलें ओपो आफोंजा, अशा दोन शाखा झाल्या. पोर्तुगीज भाषेंत आईला जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या ‘माई’च्या अगदीं जवळ येतो, स्थानाच्या प्रमुख स्त्रीला त्याच शब्दानें हांक मारतात. गांतुआची माई मेनिनिन्या १९२२ पासून १९८६ सालीं मृत्यू येईपर्यंत त्या गादीवर होती.

मी ज्या स्थानीं गेलों तें याच केतू परंपरेंतलें. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण मी तेथें पाहुणा म्हणून गेलों होतों, बातमीदार म्हणून नव्हे. हा भेद मला दारांतच शिकविण्यांत आला. पांढरें लुगड्यासारखें वस्त्र नेसलेल्या एका वृद्धेनें आम्हांला थांबविलें, माझे काळे कपडे नाहींत ना हें पाहिलें, आणि एक लांकडी पेटी पुढें केली. “बाळा, तो मोबाइल यांत ठेव. जातांना मिळेल.” मग तिनें माझ्या दंडाला धरून भिंतीशीं असलेल्या एका बांकावर बसविलें. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस. उठून मधल्या चौकांत जावयाचें नाहीं, आंतल्या दाराशीं घोटाळावयाचें नाहीं. ही पाहुण्याची जागा.

सभागृह साधेंच होतें. छताला कागदी पताका, जमिनीवर हिरवीं सुवासिक पानें पसरलेलीं, एका उंच कट्ट्यावर तीन उभे ढोल, लहानमोठे. तो दिवस ख्रिस्ती पंचांगांतील कॉर्पस क्रिस्तीचा होता. केतू परंपरेच्या जुन्या स्थानांत ओशोसीचा उत्सव त्याच दिवशीं करतात. गुलामांना जी सुट्टी मालकाच्या सणानें मिळे तीच त्यांच्या देवांच्या वांट्याला येई, हें पाहिलें म्हणजे यांत आश्चर्य वाटत नाहीं. देवांचा निरोप्या जो एशू, त्याला दुपारींच त्याचा भाग देऊन मान राखला होता. मिशनऱ्यांनीं या एशूला सैतान ठरविलें. वास्तविक तो वाटा उघडणारा आहे, आणि त्याच्यावांचून कोणत्याच देवाला सांगावा पोंचत नाहीं.

ढोल सुरू झाले. काठ्यांनीं वाजविण्याची ती रीत आणि लोखंडी जोडघंटेचा खणखणाट प्रथम कानाला कर्कश वाटला, मग हळुहळू त्यांतला हिशेब कळूं लागला. घोळदार घागऱ्यांतल्या स्त्रिया एकामागून एक आल्या आणि वर्तुळ करून नाचूं लागल्या. फिरण्याची दिशा आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. पहिलीं गाणीं लोखंडाच्या देवाचीं, ओगुंचीं. शेवटचीं शुभ्रवस्त्र ओशालाचीं. मधें प्रत्येक देवाला त्याचा क्रम. भाषा योरूबा, जुन्या वळणाची. मास्तर म्हणाले कीं गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांना शब्दशः अर्थ सांगतां यावयाचा नाहीं, पण कोणतें गाणें कोणत्या पावलासाठीं हें लहान मुलालाही ठाऊक आहे.

तासाभरानें ढोलाचा ताल बदलला आणि एका प्रौढ बाईचें पाऊल अडखळलें. खांदे थरथरले, डोळे मिटले, आणि तोंडून एक तीव्र हांक निघाली. लगेच दोघी स्त्रिया पुढें झाल्या. यांना एकेदी म्हणतात. यांच्या स्वतःच्या अंगांत देव येत नाहीं, आलेल्यांना सांभाळणें हेंच त्यांचें व्रत. एकीनें तिच्या कपाळावरचा घाम टिपला, दुसरीनें पायांतलीं पादत्राणें काढलीं, आणि तिला आंत नेण्यांत आलें. ती परतली तेव्हां बाई राहिली नव्हती. डोक्यावर पिसांचा टोप, एका हातांत धातूचें धनुष्यबाण, दुसऱ्या हातांत चंवरी. सारें सभागृह उभें राहिलें. शिकाऱ्यानें रानांत कान देऊन थबकावें, वळावें, नेम धरावा, तसा तो नाच होता. साठीकडे झुकलेल्या त्या शरीरांत एवढें लाघव कोठून आलें तें मला सांगतां येणार नाहीं.

हें पाहून मला काय वाटलें तें प्रामाणिकपणें सांगणें प्राप्त आहे. मला प्रथम संकोच वाटला. ‘अंगांत येणें’ हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांत कसा उच्चारला जातो हें वाचक जाणतात. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या अंगांत नवरात्रांत देवी येई. एकदां ती आमच्याच माजघरांत घुमूं लागली. वडील मंडळींनीं आम्हां मुलांना माडीवर पिटाळलें, आणि आम्ही जिन्याच्या कठड्यांतून डोकावून हंसत होतों. दुसऱ्या दिवशीं ती नित्याप्रमाणें कामाला आली. कोणीं तिला कांहीं विचारलें नाहीं. बाईयाच्या बांकावर बसल्यावर पहिल्यानें आठवण झाली ती त्या जिन्याची. पाहणें मलाही येत होतें. कोठें बसून पाहावें हें मात्र कोणीं शिकविलें नव्हतें.

अशा बांकांवर माझ्यापूर्वीं येऊन गेलेल्या पाहुण्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत पहिलें ठळक नांव डॉक्टर नीना रोद्रिगेस यांचें. बाईयाच्या वैद्यकीय विद्यालयांत ते न्यायवैद्यकाचे अध्यापक होते. १८९६-९७ सालीं त्यांनीं या धर्मावर लिहिलेली लेखमाला हा या विषयावरचा पहिला शास्त्रीय प्रयत्न होय. अंगांत येणें हा त्यांच्या मतें वातरोगाचा प्रकार होता, आणि आफ्रिकन वंश कनिष्ठ आहे याविषयीं त्यांस शंका नव्हती. तथापि हेच गृहस्थ गांतुआ येथें ओगां झाले. ओगां म्हणजे ज्याच्या अंगांत देव येत नाहीं परंतु ज्यानें स्थानाचा भार उचलावयाचा असा पुरुष: कोणी ढोल वाजवितो, कोणी पैशानें आधार देतो, कोणी शहरांतील वजन खर्च करतो. पोलिसांच्या धाडींचा निषेधही या डॉक्टरांनीं लेखी करून ठेविला आहे. ज्यानें त्यांना रोगी ठरविलें त्यालाच त्यांनीं मानाची जागा आणि तिजबरोबर कर्तव्य दिलें. भोळेपणानें ही गोष्ट झाली असें मला वाटत नाहीं. पाहुणा रिकाम्या हातानें पाहत राहिला तर तो धोका ठरतो. त्याला जबाबदारी दिली कीं तो घरचा होतो, हें त्या स्त्रियांनीं ओळखलें होतें.

त्यांच्याच काळीं त्याच शहरांत मानुएल केरीनो (१८५१-१९२३) हे कृष्णवर्णीय चित्रकार व शिक्षक राहत होते. १९१६ सालीं त्यांनीं आफ्रिकन लोकांच्या बाईयांतील रीतिरिवाजांवर लिहिलें, आणि १९१८ सालीं ब्राझीलची संस्कृति उभारण्यांत काळ्या माणसाचा वांटा कोणता, हें मांडलें. डॉक्टरांनीं जेथें रुग्ण पाहिले तेथें केरीनोंनीं कारागीर, शेतकरी, माता आणि आचारी पाहिले. ढोल तेच होते. पुढें १९३८ सालीं रुथ लँडिस ही अमेरिकन संशोधिका आली. एदिसन कार्नेइरो या बाईयाच्याच तरुण अभ्यासकाबरोबर ती स्थानांतून हिंडली, आणि तिच्या ध्यानांत आलें कीं येथें सत्ता स्त्रियांच्या हातीं आहे. पोलिसांच्या संशयामुळें तिला बाईया सोडावी लागली. तिचा ‘स्त्रियांचें नगर’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ १९४७ सालीं निघाला. १९४६ सालीं पिएर व्हर्जे हा फ्रेंच छायाचित्रकार साल्वादोरला उतरला तो तेथलाच झाला. त्यानें आफ्रिकेंत जाऊन दीक्षा घेतली, ‘फातुंबी’ हें नांव धारण केलें, आणि अटलांटिकच्या दोन्ही कांठांच्या देवांचे परस्परांतील संबंध आयुष्यभर जुळवीत बसला.

परंतु पाहुण्यांत पोलिसही होते. १८९० च्या जानेवारींत नव्या प्रजासत्ताकानें चर्च आणि राज्य विभक्त केलीं. त्याच वर्षीं आलेल्या दंडसंहितेनें ‘जादूटोणा’ हा सार्वजनिक आरोग्याविरुद्धचा गुन्हा ठरविला. धर्म म्हणून जें मोकळें झालें तें रोग म्हणून बंदींत गेलें. १९१२ च्या फेब्रुवारींत मासेयो शहरांत जमावानें स्थानें लुटून जाळलीं. आलागोआस राज्यानें त्याबद्दल क्षमा मागितली ती शंभर वर्षांनीं, २०१२ सालीं. साल्वादोरांत १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत पेद्रो गोर्दिल्यो या पोलिस अधिकाऱ्याच्या धाडी कुप्रसिद्ध झाल्या. रिओ दि जानेरोच्या पोलिसांनीं जप्त केलेले ढोल, मूर्ति, आसनें, दागिने यांचा संग्रह १९३८ सालीं ‘काळ्या जादूचें संग्रहालय’ या नांवानें राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदला गेला. ज्यांची पूजा करणें हा गुन्हा, त्या वस्तू गुन्ह्याचा पुरावा म्हणून मात्र मौल्यवान!

गोमंतकाशीं संबंध असलेल्या वाचकांस हें ऐकून कांहीं आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्याच पोर्तुगीज राजसत्तेखालीं गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. १७३६ च्या आज्ञापत्रानें विवाहांतल्या गाण्यांपासून अंगणांतल्या तुळशीपर्यंत सर्वांवर बंदी आली. कुशस्थळीचा मंगेश रातोरात खाडी ओलांडून प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आपल्या देवांना पळून जावयास पैलतीर होता आणि पालखी होती. जहाजाच्या तळाशीं बांधलेल्या माणसाला आपला देव न्यावयाचा तर तो आपल्याच शरीरांत न्यावा लागतो. अंगांत येणाऱ्या देवाचा हा अर्थ मला त्या रात्रीं प्रथम कळला, आणि संकोच गेला.

मोबाइलची पेटी कां, हेंही मास्तरांनीं नंतर सांगितलें. १९५१ सालीं एका फ्रेंच साप्ताहिकानें बाईयांतील ‘झपाटलेल्या’ स्त्रियांचीं चित्रें छापलीं. त्याच्याशीं स्पर्धा म्हणून त्याच वर्षीं सप्टेंबरांत ‘ओ क्रुझेइरो’ या ब्राझीलच्या सर्वांत खपाच्या सचित्र साप्ताहिकानें दीक्षाविधीचीं, म्हणजे बंद दाराआडचीं, छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, आणि मथळ्यांत देवांना रक्तपिपासू म्हटलें. साप्ताहिकांची विक्री झाली. ज्या माईनें कॅमेऱ्याला आंत घेतलें होतें तिला स्वजनांचा रोष सोसावा लागला. आणखी एक उदाहरण अधिक जवळचें आहे. १९९९ सालीं एका चर्चच्या वृत्तपत्रानें साल्वादोरच्या माई जिल्दा यांचें छायाचित्र भोंदूंविषयींच्या मजकुराबरोबर छापलें. त्यानंतर त्यांच्या घरावर व स्थानावर हल्ले झाले, आणि २१ जानेवारी २००० रोजीं त्या वारल्या. न्यायालयांनीं पुढें त्यांच्या कुटुंबाच्या बाजूनें निकाल दिला, आणि २००७ च्या कायद्यानें तो दिवस धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन ठरला. एका चित्रानें काय होतें हें ज्यांनीं सोसलें आहे, त्यांनीं पाहुण्याला पेटी दाखवावी हें योग्यच नव्हे काय?

कायद्याची बाजू हळुहळू सुधारली. १९४६ च्या राज्यघटनेंत पूजास्वातंत्र्याचें कलम यावें यासाठीं कादंबरीकार जॉर्ज आमादो यांनीं प्रतिनिधि या नात्यानें खटपट केली. त्यांनाही ओपो आफोंजानें पुढें आपल्या मानकऱ्यांत बसविलें. तरी बाईयांत उत्सवासाठीं पोलिसांचा परवाना लागतच असे, आणि तो देणारें खातें जुगारावर देखरेख ठेवणारें! १९७६ च्या जानेवारींत ती अट रद्द झाली. १९८४ सालीं कासा ब्रांका हें राष्ट्रीय वारसा म्हणून मान्य झालेलें पहिलें तेरेइरो ठरलें. तेव्हांही मंडळांत मतें विभागलीं होतीं. आणि रिओच्या पोलिसांकडील पांचशेंहून अधिक वस्तू २०२० सालीं, धर्मप्रमुखांच्या प्रयत्नांनंतर, प्रजासत्ताकाच्या संग्रहालयाच्या स्वाधीन झाल्या. त्यांची मांडणी आतां त्या धर्माच्या लोकांना विचारून होते. हल्ले मात्र अद्याप संपलेले नाहींत.

मध्यरात्र उलटल्यावर शेवटचीं गाणीं झालीं आणि पानें आलीं. ओशोसीचा प्रसाद म्हणजे शिजविलेले मक्याचे दाणे आणि त्यावर ओल्या नारळाच्या कातळ्या. शिवाय चवळीच्या डाळीचे ताडतेलांत तळलेले वडे आणि सुकट घातलेली भेंडी. कोंकणांतल्या माणसाला यांत अनोळखी असें फक्त तें तेल. ज्या बाईच्या अंगांत ओशोसी आला होता ती आतां साध्या कपड्यांत वाढीत होती. मला तिनें दुसऱ्यांदां वाढलें तेव्हां तिच्या चेहऱ्यावर श्रमांखेरीज कांहीं दिसलें नाहीं.

निघतांना मीं मास्तरांकरवीं माईला विचारविलें कीं या रात्रीविषयीं माझ्या भाषेंत लिहिलें तर चालेल काय. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “बसल्या जागेवरून जें दिसलें तें खुशाल लिही. भिंतीपलीकडचें लिहूं नको.” ती मर्यादा पाळण्याचा मीं प्रयत्न केला आहे. दारांत वृद्धेनें पेटी उघडून माझी वस्तु मला परत दिली. बाहेर पाऊस थांबला होता, आणि फणसाच्या बुंध्यावरचें पांढरें वस्त्र भिजून जड झालें होतें. मीही तेथें क्षणभर थांबलों.

असो. देशीं परतल्यावर त्या आमच्या जुन्या बाईची चौकशी केली. ती वारून बरींच वर्षें झालीं होतीं. तिच्या देवीचें नांव काय होतें हें आमच्या घरांत कोणालाच सांगतां आलें नाहीं.